कळणी नेहेते, वय चौदा

शेवटचा पेशंट गेल्यावर
ती केळीच्या क्रेटमधून आली,
खाली जुना पेपर, वरून सुतळीची जाळी,
भुसावळहून जळगावला, शेहेचाळीस डिग्रीतून.
रंग कळण्याच्या पिठाचा, म्हणून नाव कळणी.

फॉर्म माणसांचाच आहे, दुसरा नाही आमच्याकडे.
आडनाव? सरूबाई म्हणाल्या, नेहेते, लिहा.
वय चौदा. लिंग स्त्री. वजन दोन किलो तीनशे.
गरोदर आहात का?
सरूबाई हसल्या. मी रेघ ओढली.

"खाते तं निरा खाते," त्या सांगत होत्या,
"दूध, भाकर, शेजारनीच्या घरचे मासे बी,
मंग जाते कुठी? रात्री दोनले उठते
अन् कोऱ्या भिंतीकडे पाहून वरडते.
मी पाहा, अर्ध्या भाकरीवर फुगते."
पिशवीतून त्यांनी स्वतःची बाटली काढली,
रोज सकाळी उपाशीपोटी एक, अकरा वर्षं.
"माही गाडी यार्डात उभी, इची सुसाट.
दोघींचं मिळून एक बाई नीट होते."

यावलचे डॉक्टर सुभान तडवी,
हयात म्हशींच्या पोटात हात घालण्यात गेलेली,
त्याच हाताची दोन बोटं
तिच्या गळ्यावरून अशी उतरली
जसा कुणी तांदळातला खडा शोधावा.
सापडला. डावीकडे, हरभऱ्याएवढा.
सोनोग्राफी त्यांनी आधीच केली होती, केस भादरून.
"गाठ दिसते. गाठ काय करते, ते दिसत नाही."

सकाळच्या डोसातलं
सहा सहा तासांनी अर्धं होत जे उरलं होतं
ते त्यांनी तिच्या पुढच्या पायात सोडलं.
वीस मिनिटं आम्ही कुणीच बोललो नाही.

एक्स-रे बाहेरून उजेड मारतो. यात तसं नाही.
यात मांजरच दिवा,
कॅमेरा नुसती ओंजळ धरून बसतो.

काळ्या घोंगडीवर ज्वारी सांडावी
तसे ठिपके पडू लागले.
आधी जबड्याखाली लाळेच्या ग्रंथी,
मंद, सारख्या, तागडीत ठेवलेल्या मापांसारख्या.
मग गळ्यात डावीकडे
भट्टीचं दार उघडल्यागत.
उजवीकडे काहीच नाही.
"मेली का ती बाजू?"
"निजली," तडवी म्हणाले.
"एकटी दोघींचं काम ओढते म्हटल्यावर
दुसरी कशाला उठेल?"
सरूबाई त्यांच्या जावेबद्दल काहीतरी पुटपुटल्या.

मी कॅमेरा खाली सरकवला, सवयीने,
माणसाचा सरकवतो तसा.
छातीत, काळजाच्या अलीकडे,
आणखी एक ठिपका.

पोटात जीव घडत असताना
ही ग्रंथी जिभेच्या मुळाकडून खाली येते, गळ्यात थांबते.
त्यातला एक कण थांबलाच नसणार.
स्टेशन आलं, गेलं, तो पुढेच.
चौदा वर्षं कुणाला पत्ता नाही.
बोटाला लागत नाही, सोनोग्राफीला बरगड्या आडव्या येतात.

तडवींनी बराच वेळ पडदा पाहिला.
"गळा कापून भागायचं नाही मग. गोळी.
पाव सकाळी, पाव रात्री.
आणि बाई, तुमची बाटली अन् हिची बाटली
एका फळीवर ठेवू नका."

अंगात उजेड आहे तोवर मांडीवर घ्यायचं नाही,
नियम आहे. रात्रभर ती आमच्याकडे,
शिशाच्या दाराआड, वाळूचं घमेलं, वाटीभर दूध.
सरूबाई बाहेरच्या बाकावर, चपला काढून.
त्यांना परत पाठवायचं माझ्याच्याने झालं नाही.

दोनला ती ओरडली.
दारापलीकडून लगेच,
"हाये मी, हाये. नीज आता."

मीटरचा काटा अर्ध्याच्या खाली आला होता.
रजिस्टरात एक रकाना कोरा राहिलेला,
पेशंटशी नातं.
विचारायला बाहेर गेलो
तर बाई बसल्याबसल्या झोपल्या होत्या,
हातात सुतळीची जाळी.